दा आहुन्नाची तांबडी कासवं

गुरुवार. आज सकाळच्या प्रार्थनेत मन लागलं नाही. आमेनही चुकीच्या जागी म्हटलं.

काल दा आहुन्नाकडे भोपळ्याची पानं द्यायला गेले होते; वयानं मोठ्या बाईला आम्ही दा म्हणतो. चुलीशेजारी, भिंतीला टेकवलेल्या उभ्या हातमागासमोर ती विणत बसली होती. पाठीला उशी, पाय सुजलेले. सव्वीस वर्षं तिची तीच जागा. पोरांना पाजलं तेही तिथंच, धूर गिळत. आमच्यात कमरेला दोन वस्त्रं नेसतात, दोन्ही एकसारखी. उलोमाबाईंनी तिला विणायला सांगितलेल्या जोडीतलं एक त्या आधीच घेऊन गेल्या. दुसरं शनिवारी, त्यांच्या आईच्या दफनाआधी हवं. फक्त टोक राहिलंय.

पहिल्या वस्त्राच्या टोकाला विणलेली कासवांची नक्षी काळी होती. या टोकाला वीतभर विणून झालेली कासवं तांबडी!

मी पानं ठेवून परत आले. बोलावं, तर तिच्या सुनेच्या कानावर जाईल. डोळे गेलेल्या बाईला काम कोण देईल? बोलू नये, तर शनिवारी उलोमाबाई गावभर सांगतील.

आज परत गेले.

"काल पानं, आज काय?" दा म्हणाली.

"मीठ हवं होतं."

"सगळ्या चर्चला उपदेश वाटतेस, आणि घरात मीठ नाही?"

"दा, कासवं तांबडी झालीत."

मागाचे ठोके थांबले. "मंगळवारपासून शंका आहे मला. बोटांना कासव कळतं गं, रंग नाही कळत."

"मग थांबली का नाहीस?"

"थांबले असते तर सुनेनं विचारलं असतं, का थांबलात."

दोघी उसवायला बसलो. ती सोडवी, मी गुंडाळी. मग रिळांवरच्या दोऱ्यांच्या टोकांना गाठी मारल्या. तांबड्याला एक, काळ्याला दोन.

"आणि निळं?" तिनं विचारलं.

"निळं तरी दिसतं ना तुला?"

"ते आता देवालाच दिसतं, बाई."

तेवढ्यात सून डोकावली. "आई, उसवताय?"

"हिला विणायला शिकवतेय. बघ, किती चुका करते!"

सून माझ्याकडे बघून हसली. मी मान खाली घातली. खोटं तोंडानं बोलले नाही, मानेनं बोलले. त्याचा हिशेब देवा, तुझ्याकडे.

मी निघाले तेव्हा ठोके पुन्हा सुरू झाले होते, पण थांबत थांबत. दर ठोक्याआधी ती गाठ चाचपते. दोनच दिवस उरलेत. उद्या प्रार्थना मागाजवळच म्हणीन. प्रभो, तिची पाठ सांभाळ. आणि सुनेला बाजारात पाठव.