नाडीवर धावलेली गाडी

दोह्यातल्या मराठी माणसांत महिपती काळेलला सगळे ‘नाडीवाला’ म्हणत. १९७७ साली चिकटलेलं हे नाव १९८६ मध्ये तो कायमचा गावी परतला तोवर सुटलं नाही. मधल्या काळात तो फोरमन झाला, हाताखाली बारा माणसं आली, तरी नाव तेच. दुसरा कुणी असता तर हमरीतुमरीवर आला असता. महिपती मात्र खुशीत हसायचा, कारण त्या नावामागची हकीकत सांगायला त्याला निमित्तच हवं असायचं.

महिपती माण तालुक्यातला. एसटीच्या डेपोत आठ वर्षं इंजिनांशी झटापट करून १९७४ मध्ये तो कतारला आला आणि एका बांधकाम कंपनीच्या वर्कशॉपमध्ये लागला. बायको हौसाबाई गावी. तो दोह्यातल्या अल नस्र भागात एका खोलीत राहायचा, गवंडीकाम करणारा जालिंदर आणि आणखी तिघं सोबतीला. पगार वेळेवर, जेवण आळीपाळीनं, आणि शुक्रवारी दुपारी ताणून झोप. महिपतीचं म्हणणं होतं की, माणसाला याहून जास्त लागतं असं सांगणारे लोक खोटारडे असतात.

वर्कशॉपचा मॅनेजर गिलीस नावाचा स्कॉटिश साहेब होता. उंच, उन्हानं लालबुंद झालेला, कानांनी बराच अधू. कान कशानं गेले, ते त्यानं एकदा चहा पिताना सांगितलं. तरुणपणी तो शर्यतीच्या गाड्या चालवायचा. आधी आपल्या गावाकडच्या घाटातल्या चढाच्या शर्यती, मग पाच-सहा वर्षं इंग्लंड आणि फ्रान्समधल्या मोठ्या. डोक्यामागं इंजिन बोंबलत राहायचं आणि त्यानंच कानांची वाट लावली. आता शर्यत म्हणजे महिपतीला बैलगाड्यांची ठाऊक. त्यानं सरळ विचारलं, “साहेब, पहिला नंबर किती वेळा आला?”

साहेब म्हणाला, “मोठ्या शर्यती धावलो चौदा. शेवटपर्यंत पोचलो एकदाही नाही.”

हे बोलणं दोघांच्या मोडक्यातोडक्या हिंदी-इंग्रजीत चाललेलं होतं. आपण ते मराठीत ऐकू. कधी गिअर तुटला, कधी तेल गळालं. फ्रान्समध्ये तर दोन फेऱ्या उरल्या असताना चाकच निघून गाडीच्या पुढं पळालं, कारण मेकॅनिकनं नट आवळला नव्हता. साहेब हे हसत सांगत होता, पण हसणं काही डोळ्यांपर्यंत पोचत नव्हतं. महिपतीला ते लागलं. चौदा वेळा निघायचं आणि चौदा वेळा रस्त्यात बसायचं, हा काय न्याय झाला?

१९७७ च्या ऑक्टोबरात गोऱ्या लोकांच्या एका हौशी क्लबानं वाळवंटात शर्यत ठेवली. सलवा रस्त्यावरून निघायचं, खुणेसाठी ठेवलेली रंगीत पिंपं पाहत पश्चिमेकडं दीडशे किलोमीटरचा वळसा मारायचा आणि परत यायचं. साहेब नाताळात नोकरी सोडून मायदेशी जाणार होता. त्यानं पदरचे पैसे घालून एक जुनी पिकअप घेतली आणि महिपतीला विचारलं, “बाजूला बसशील? नंबर नको. या खेपेला फक्त पोचायचंय.”

“पोचवतो की,” महिपती म्हणाला. नुसता म्हणाला नाही, छातीवर हात ठेवून म्हणाला. दोन महिने त्यानं त्या गाडीचा एकेक नट स्वतः आवळला.

पण शर्यत पडली शुक्रवारी, ऐन दसऱ्याला. गुरुवारी खंडेनवमी. महिपतीच्या घरी सात पिढ्यांत खंडेनवमीला हत्याराची पूजा चुकली नव्हती, मग ते हत्यार नांगर असो की पाना. गुरुवारी संध्याकाळी गाडीतल्या पेटीतून त्यानं सगळे पाने, पक्कड, हातोडा काढले, खोलीवर नेऊन धुऊनपुसून पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिलं. दोह्यात झेंडू कुठला? जालिंदरनं कागदाची फुलं करून दिली.

“पूजेचं हत्यार दसऱ्याचं सोनं लुटंस्तवर उचलत न्हाईत गड्या,” जालिंदर म्हणाला.

“पहाटं पाया पडून उचलतो. देवाला कळतंय,” महिपती म्हणाला.

पहाटे तो उठला, अंघोळ केली, पाटापुढं डोकं टेकलं. आणि जन्माची सवय अशी, की पूजेला नमस्कार केल्यावर हात तिथं जातच नाही. तो उठला आणि तसाच बाहेर पडला!

शर्यत सुरू झाली. साहेब वयाची साठी विसरून गाडी हाणत होता, महिपती कान देऊन इंजिन ऐकत होता आणि गिअर बदलायची वेळ झाली की साहेबाच्या खांद्यावर थाप मारत होता. शंभर किलोमीटर सुखात गेले. मग एका दगडी उतारावर खट्‌कन आवाज आला आणि साहेबाचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नुसताच खाली गेला. केबल तुटली होती.

“पाच मिनिटं, साहेब,” महिपती रुबाबात उतरला. नवी केबल सीटखाली होतीच. त्यानं पाने घ्यायला पेटी उघडली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पेटीत साहेबाचे हातमोजे तेवढे होते. पाने अल नस्रला पाटावर, हळदकुंकू लावून बसलेले!

दहा नंबरचा एक पाना असता तर काम पाच मिनिटांचं होतं. महिपतीनं दातांनी जोर लावला, दगडानं ठोकून पाहिलं, बोटं सोलून घेतली. नट काही हलेना. मागून आलेली शेवटची गाडीही धूळ उडवत गेली. साहेब बॉनेटला टेकून शांत उभा होता, आणि ते शांत उभं राहणं महिपतीला शिवीपेक्षा वाईट वाटत होतं. पंधरावी शर्यत, आणि या खेपेला नट सैल ठेवणारा मेकॅनिक आपण.

मग त्याला काय सुचलं कोण जाणे. त्यानं साहेबाकडं पाठ केली, बॉयलर सूटची बटणं सोडली आणि आतल्या पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीची नाडी ओढून काढली. हौसाबाईनं घरी वळलेली, चांगली चार हात लांब नाडी. तिचं एक टोक त्यानं कार्ब्युरेटरच्या खटक्याला बांधलं, दुसरं बॉनेटच्या फटीतून आपल्या खिडकीत घेतलं आणि हातात धरलं.

“यल्ला, चला साहेब! तुम्ही गाडी वळवा. पळवतो मी.”

उरलेले पन्नास किलोमीटर एक गाडी दोघांनी चालवली. साहेबाकडं स्टिअरिंग, क्लच आणि ब्रेक, महिपतीकडं नाडी. ओढली की गाडी पळायची, सोडली की दमायची. पहिल्यांदा दोघांचा मेळ बसेना, गाडी बेडकासारखी उड्या मारत होती. मग बसला. साहेब मोठमोठ्यानं काहीतरी गाऊ लागला, बेसूर, आणि इकडं महिपतीची चड्डी सूटच्या आत घसरत घसरत गुडघ्यापर्यंत आली.

ते पोचले तेव्हा बाकीचे लोक जेवायला बसले होते. झेंडेवाला धावत आला आणि त्यानं झेंडा हलवला. नंबर शेवटचा. साहेबानं इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून नुसता बसून राहिला. त्याचे डोळे भरले होते.

महिपतीला राहवेना. साहेबाच्या कानाशी तोंड नेऊन तो ओरडला, “साहेब, चूक माझी! पाने पूजेला मांडले ते खोलीवरच विसरलो. पेटी रिकामी होती!”

“माहीत आहे,” साहेब म्हणाला. “सकाळी निघायच्या आधी हातमोजे ठेवायला मीच उघडली होती.”

महिपतीनं विचारलं, “मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर तू पाने आणायला पळाला असतास, शर्यत तुझ्यासाठी थांबली नसती आणि मी एकटाच निघालो असतो.” साहेबानं त्याच्या सोललेल्या बोटांकडं पाहिलं. “महिपती, भरलेल्या पेट्या घेऊन मी चौदा वेळा हरलोय.”