सासुरवाडीच्या दारात अडलेला ट्रक

साठ सालानंतरची गोष्ट. यवतमाळला मी कापसाच्या एका जिनिंगचा ट्रक चालवत होतो. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. कळंबच्या पलीकडे एका गावी सरकी पोचवून परतताना मालकाला विचारून सासुरवाडीला वळलो. बायको माहेरी आली होती, तिला न्यायचं होतं.

ट्रक नवा, क्लच तेलाच्या दाबावर चालणारा. जेवताना सासऱ्यांपुढे आणि जमलेल्या मंडळींपुढे मी त्याचं जरा जास्तच कौतुक केलं. "नुसता पाय टेकवला का गिअर पडते," असंही बोलून गेलो.

निघताना सगळी आळी दारात उभी. इंजिन चालू करून क्लच दाबला, पहिला गिअर टाकायला गेलो तर असा करकरला की बाया मागे सरकल्या. पुन्हा तेच. पेडल तळाला टेकत होतं, पण पायाला जोर लागत नव्हता. क्लच सुटतच नव्हता.

बॉनेट उघडलं. क्लचच्या तेलाची डबी जवळजवळ रिकामी. खाली शिरलो तर गिअरबॉक्सजवळच्या लहान सिलिंडरचं रबर तेलानं ओलं झालेलं. तेल गळून नळीत हवा शिरली होती. नवं रबर जवळ नव्हतं, तेल होतं. हवा काढली तर यवतमाळ गाठता आलं असतं. त्यासाठी कुणीतरी पेडल दाबून धरायचं, मी खालचा स्क्रू सैल करून हवा सोडायची आणि तो आवळल्यावरच वरच्यानं पाय उचलायचा.

साळा पेडल दाबायला बसला. पण तो लोकांशी हसण्या-बोलण्याच्या नादात, आवळायच्या आधीच पाय सोडायचा. गेलेली हवा परत आत यायची.

"मले दाबू द्या," बायको म्हणाली.

"पोरीले कायले बसवता तिथं?" सासरे हळू आवाजात बोलले. डबी भरून मी ट्रकखाली गेलो. पदर खोचून ती ड्रायव्हरच्या जागी बसली.

"दाब."

"दाबला."

"आता सोड."

चारचौघांत आम्ही तोवर एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. आता सारी आळी ऐकत होती. "जावई खाली अन् पोरगी वर," कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. मला फक्त लोकांचे पाय दिसत होते. त्यांत सासऱ्यांच्या वहाणा होत्या. त्या वळल्या आणि घरात गेल्या. तेलातले बुडबुडे थांबले तरी मी उगाच स्क्रू चाचपत खालीच पडून राहिलो.

गिअर पडला. सासूबाईंनी निरोप दिला. सासरे बाहेर आले नाहीत.

कळंब आलं तेव्हा ती म्हणाली, "चिंतामणीचं दर्शन घेऊन जाऊ."

"आज उशीर होऊन राह्यला," मी म्हणालो.

तिनं माझ्या पायाकडे पाहिलं. "पेडल पुन्हा नरम झालं का?"

मी मान डोलावली. बाजारपेठेत थांबलो असतो तर निघताना पुन्हा तीच करकर आणि तशीच माणसं भोवती. तिनं चालत्या ट्रकातूनच हात जोडले. माझे कान तापले होते. तिच्याकडे बघायचं धाडस मला यवतमाळपर्यंत झालं नाही.