परदेशांच्या कपाटात भारत

राजाराम बोंद्रे यांनी भारताला अपात्र ठरवलं ते १९७९ च्या जूनमध्ये, लखनौतल्या एका सरकारी संशोधन संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर. त्यात राग नव्हता. देशावर त्यांचं प्रेम होतं. पंधरा ऑगस्टला ते इस्त्रीचा शर्ट घालत.

बोंद्रे मूळचे साताऱ्याकडचे. रेल्वेतल्या थोरल्या भावामागोमाग लखनौला आले आणि या संस्थेच्या परदेश-सहकार्य कक्षात हेडक्लार्क झाले. कक्ष म्हणजे ते स्वतः, एक टाइपरायटर आणि एक हिरवं कपाट. कपाटात देश असत, एका देशाला एक फाईल, वर्णक्रमाने. कुठल्याही देशाचं पत्र आलं की बोंद्रे ते मिनिटभरात त्या देशात नेऊन ठेवत. सव्वीस वर्षांत एकही कागद चुकीच्या देशात गेला नव्हता.

त्या वर्षी आशियातल्या देशांचा अणुविज्ञानाचा एक सहकारी प्रकल्प होता: किरणांचा हलका मारा करून फळं जास्त दिवस टिकवण्याचा. बैठक लखनौला, सोळा जूनला. कोणते देश पात्र, याची यादी बोंद्र्यांनी करायची होती. अटी सरळ होत्या. देश व्हिएन्नाच्या अणुसंस्थेचा सभासद हवा, याच विभागातला हवा, मूळ करार मान्य केलेला हवा, आणि या प्रकल्पात आपण काय देणार हे सांगणारं वेगळं पत्र फाईलला हवं. पत्र नसेल तर देशाने निरीक्षक म्हणून यावं, पण यजमानांच्या निमंत्रणावरून, आणि विचारल्याशिवाय बोलू नये.

बोंद्र्यांनी दहा देश तपासले. नऊ पात्र निघाले. दहाव्याची फाईलच नव्हती, कारण तो परदेश नव्हता.

"काका, असं कसं?" डॉक्टर सुहासिनी गोडसे धावत वर आल्या. दशहरी आंब्यावरचं सगळं काम त्यांचं, सात वर्षांचं. इंदिरा नगरात त्या बोंद्र्यांच्या शेजारीच राहत, त्यामुळे ऑफिसातही काकाच म्हणत. "भारताचं पत्र डिसेंबरातच आलंय. मी स्वतः मसुदा केला होता!"

बोंद्र्यांनी आवक-जावक वही उघडली. पत्र आलं होतं. समोर त्यांच्याच सुवाच्य अक्षरात शेरा होता: 'या देशाची फाईल या कक्षात नाही. दिल्लीस परत.'

"परत पाठवलंत?"

"ठेवणार कुठे? इंडोनेशियात?"

दिल्लीला ट्रंक कॉल लावला. तिथल्या साहेबांनी शांतपणे सांगितलं की पत्र परत आलं याचा अर्थ भारताने माघार घेतली असा त्यांनी लावला आणि तशी नोंद केली. नवं पत्र काढायला सहा आठवडे.

सुहासिनीबाई खुर्चीत बसल्या. "काका, मारा न केलेले आंबे सोळा तारखेच्या पुढे दोन दिवससुद्धा टिकणार नाहीत, मग फरक कशाशी दाखवू? त्या दिवशी मला बोलता आलं नाही, तर सात वर्षं गेली समजा. हे लोक परत कधी एकत्र येणार?"

बोंद्र्यांनी वही मिटली. चूक आपली आहे हे त्यांना कळलं होतं, आणि नियम मोडून ती दुरुस्त करणं म्हणजे दुसरी चूक, हेही.

डायरेक्टरसाहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. "बोंद्रेजी, हॉल हमारा, कुर्सियाँ हमारी, चाय हमारी, और हम ही बाहर?"

"सर, चाय के लिए कोई शर्त नहीं है."

संध्याकाळी घरी बायकोने, पद्मिनीबाईंनी, ताट वाढता वाढता विचारलं, "त्या पोरीचं काय केलंत?"

"निरीक्षकाची अट आहे. यजमानांनी निमंत्रण द्यायचं."

"यजमान कोण?"

"भारत."

"अच्छा. मग द्या की. कोण अडवतंय?"

बोंद्र्यांनी हात धुतला आणि कागद घेतला.

दुसऱ्या दिवशी भारताने भारताला निमंत्रण दिलं. डायरेक्टरसाहेबांची सही, रजिस्टर पोस्ट. पोस्टमन दोन दिवसांनी ते त्याच इमारतीत घेऊन आला. बोंद्र्यांनी पोच दिली आणि निरीक्षक देश येत असल्याचं आभारपूर्वक उत्तर टाइप केलं. तेही पोस्टानेच गेलं. चपराशाकरवी पाठवलं असतं तर देशाचा अपमान झाला असता.

सोळा जूनला नऊ देश लांब टेबलाभोवती बसले. भारत भिंतीशी, खिडकीजवळच्या खुर्चीवर, मांडीवर वही घेऊन गप्प. तासभर फिलिपिन्सचा आंबा कसा लवकर पिकतो यावर चर्चा झाली. सुहासिनीबाईंना उत्तर माहीत होतं. त्यांनी पेन्सिलीचं टोक मोडलं.

अकराला चहा आला. चहाच्या टेबलावर बोंद्र्यांनी दोन परड्या मांडल्या होत्या. दोन्हींतले आंबे एकाच दिवशी, एकाच झाडावरून उतरवलेले. एका परडीतले काळे पडून गळायला लागले होते. दुसऱ्या परडीतले नुकते पिवळे होत होते. पाटी लावली नव्हती. पाटी लावणं म्हणजे बोलणं.

थायलंडचे प्रतिनिधी कप हातात धरून थबकले. एकदा या परडीकडे, एकदा त्या परडीकडे पाहिलं. मग खोलीला उद्देशून म्हणाले, "हे कुणी केलं?"

बोंद्रे पुढे झाले. "महोदय, हा प्रश्न आपण निरीक्षक देशाला विचारत आहात का?"

"कुणालाही!"

"निरीक्षक देशाला, असं नोंदवू?"

"नोंदवा!"

सुहासिनीबाई उठल्या. इतिवृत्तात बोंद्र्यांनी लिहिलं: 'निरीक्षकाने एका प्रश्नाचे उत्तर दिले. कालावधी: एक तास चाळीस मिनिटे.' त्याखाली नऊ देशांचा ठराव होता: या कामावाचून प्रकल्प पुढे जाऊ शकत नाही, सबब भारताने सामील व्हावे अशी विनंती.

पाहुणे गेल्यावर सुहासिनीबाई वर आल्या. डोळे लाल होते, आवाज बसलेला. "काका, आता तरी फाईल उघडा."

बोंद्र्यांनी आधीच उघडली होती. नवा पुठ्ठा, पांढरी नाडी, वर 'भारत'. नव्या देशासाठी तपासणीचा तक्ता भरावा लागे, तोही भरला होता. अणुसंस्थेचा सभासद: होय. या विभागातला: होय, नकाशा पाहून खात्री केली. देशाचे योगदान: आंबे, बारा नग. खाली बारीक अक्षरात: शिल्लक अकरा, एक हेडक्लार्कने तपासणीसाठी खाल्ला, उत्तम.

मग त्यांनी फाईल उचलली आणि कपाटात बांगलादेश आणि मलेशियाच्या मधोमध सरकवली. जागा थोडी अपुरी होती. मलेशियाला जरा सरकावं लागलं.