तांबडी रिबीन मी लावली नाही

आठवीत आमच्या वर्गाला नव्या बाई आल्या. मी जोह्याहून एसटीने पेणच्या शाळेत यायची. बाई हुशार होत्या. त्यांच्याइतकं चांगलं व्याकरण मला पुढे कुणी शिकवलं नाही, हे आधीच सांगते. पण वर्ग त्यांना गप्प हवा होता, आणि त्यासाठी त्यांनी रिबिनी काढल्या. आठवडाभर नीट वागलेल्यांच्या छातीवर सोमवारी हिरवी रिबीन. उशिरा येणाऱ्या, बडबड्या, गबाळ्या मुलांना तांबडी. ती पुढच्या सोमवारपर्यंत लावून फिरायची, मधल्या सुट्टीतसुद्धा.

सुरुवातीला मला हिरवी मिळायची. ती मला आवडायची, खोटं का बोलू? एकदा बाईंनी विचारलं, प्रार्थनेला उशिरा कोण आलं? मी उभी राहून माझ्याच बाकावरच्या मैत्रिणीचं नाव घेतलं. ती खाडीकडच्या गावातली, घरचे मिठागरावर कामाला. बांधावरून बरंच चालून मग तिला एसटी गाठावी लागायची. तिला तांबडी मिळाली. मधल्या सुट्टीत ती मला एवढंच म्हणाली, "तुला रिबीन पायजे व्हती, मिलाली ना?"

श्रावण लागला की आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसायची, सगळीकडे गणपती. आई मूर्तींना अंगाचा रंग द्यायची, मी पितांबराचे काठ. शाळेतून आलं की दप्तर टाकून बसायचं. तो रंग रॉकेलने घासूनही नखांतून जायचा नाही. त्या श्रावणात एका सोमवारी बाईंनी माझे हात उलटेपालटे करून पाहिले आणि तांबडी रिबीन टाचली. मी पिन काढली आणि रिबीन टेबलावर ठेवली.

"मी ही लावणार नाय, बाई."

"कारण?"

"ही घाण नाय. रंग हाय."

रिबीन लावीपर्यंत व्हरांड्यात उभं राहायचं, असं बाईंनी सांगितलं. मी चार दिवस उभी राहिले. खिडकीतून ऐकत, वही हातावर धरून लिहून घेतलं. रडू यायचं, तेव्हा वर्गाकडे पाठ करायची. मधल्या सुट्टीत मैत्रीण येऊन माझ्याशेजारी डबा उघडून बसायची. मी तिची माफी मागितली. "जेव आधी," ती म्हणाली.

पाचव्या दिवशी आईला बोलावलं. ऐन कामात यावं लागलं म्हणून एसटीत ती माझ्यावरच चिडली होती. चिंधी ती, लावली असतीस तर अंग भाजलं असतं का? मुख्याध्यापकांनी मधला मार्ग काढला. एकच दिवस लाव, बाईंचा मान राहील, उद्या काढून टाकू. आई तयार झाली.

"लाव गो बाय."

"तुझे पण हात बघ, आये. तू लावशील?"

आईने हात पदराखाली घेतले. मग तिने ते बाहेर काढून टेबलावर ठेवले आणि मुख्याध्यापकांना म्हणाली, "नाय लावायची ती. दुसरी काय ती शिक्षा द्या."

मला ब तुकडीत टाकलं. बाईंचं व्याकरण बुडालं. रिबिनी वर्षभर चालल्या, माझ्यामुळे काही थांबलं नाही.

पुढे मी रोह्याला शिक्षिका झाले. माझ्याही वर्गात मुलं दंगा करायची, खोटं बोलायची, मारामाऱ्या करायची. मी सोडून द्यायची नाही. तास संपल्यावर एकट्याला बोलावून काय ते स्पष्ट सांगायची, आणि ज्याला मारलं त्याच्याशी त्यालाच बोलायला लावायची. कुणी चांगलं वागलं तर नेमकं काय चांगलं केलं, ते सगळ्यांसमोर सांगायची. कंपनीतली शिफ्ट संपवून आलेले बाप म्हणायचे, बाई, द्या दोन ठेवून. मी नाही म्हणायची.

एके वर्षी आमच्या शाळेत प्रत्येक वर्गाबाहेर बेशिस्त मुलांच्या नावांचा फलक लावायचं ठरलं. माझा फलक कोराच राहिला. शाळेने माझ्याकडे लेखी खुलासा मागितला. मी एका ओळीत दिला: मुलांची नावं मी हजेरीला घेते, तेवढी पुरेत.

'खुलासा असमाधानकारक' असा शेरा माझ्या सेवापुस्तकात पडला. निवृत्तीच्या वेळी कारकुनाने सुचवलं, अर्ज करा, खोडून घेऊ.

मी म्हटलं, राहू द्या.