पिवळ्या पट्ट्यातली बोडी

एका निरक्षर बाईने माझ्यासमोर बसून 'नाही' म्हटले आणि मी तिचा अंगठा 'हरकत नाही' या शब्दांखाली घेतला. ही गोष्ट मी सात वर्षे कुणाला सांगितली नाही, पत्नीलासुद्धा नाही. मला कुणी लाच दिली नव्हती. दिली असती, तर निदान स्वतःला सांगायला एखादे कारण तरी राहिले असते.

आमचे गाव सडक अर्जुनीकडून हायवे सोडून आत वळल्यावर लागते. ग्रामपंचायत होती तेव्हापासून, आणि तिची नगरपंचायत झाल्यावरही, मी तिथे सभेचे कामकाज लिहितो. नळाची वेळ, नालीचा उतार, पथदिव्यांची दुरुस्ती, अंदाजपत्रक, असे सारे माझ्या अक्षरात कायम होते. आणि एक रीत आमच्याकडे पहिल्यापासून आहे, तिला कुणी खोटेपणा मानत नाही. सभेचे इतिवृत्त सभेच्या आदल्या दिवशीच लिहून ठेवायचे. सूचक आणि अनुमोदक यांच्या नावांपुरती जागा तेवढी कोरी सोडायची. सभा माझ्या वहीप्रमाणे पार पडे. एखादा सदस्य भडकून काही वेगळे बोलला, तरी शेवटी म्हणे, "बाबू, तुम्ही बराबर लिहिलं असंल ते." मला या विश्वासाचा अभिमान वाटत असे.

गावाच्या पूर्वेला एक बोडी होती. बोडी म्हणजे लहान तलाव. ती तिथल्या शेतकरी घराण्यांच्या पूर्वजांनी पाळ, म्हणजे मातीचा बांध, घालून बांधली होती आणि तिच्या पाण्यावर खालचे धान पिके. पाणी कोणत्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, कधी सोडायचे हे ठरवणारा माणूस त्या घराण्यांपैकीच असे. शेवटचा माणूस वारला, तेव्हा ते काम त्याच्या बायकोकडे आले. विकास आराखड्याच्या नकाशात बोडी निळी, म्हणजे पाण्याची, होती. एका बैठकीत तिचा मोठा भाग पिवळा, म्हणजे निवासी, करायचे ठरले. हरकती मागवल्या गेल्या. लेखी एकही आली नाही. म्हणून सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी मी पानांवर क्रमांक घातलेल्या नोंदवहीत लिहून टाकले: 'उपस्थित लाभधारकांस सदर बदलाबाबत हरकत नाही.' खाली सह्यांची जागा सोडली.

दुसऱ्या दिवशी त्या घराण्यांचे पुरुष दवनीवाड्याला लग्नाला गेले होते. आली ती पाणी सोडायचे काम करणारी ती बाई, एकटी. मुख्याधिकारी गोंदियाला बैठकीसाठी निघता निघता मला म्हणाले, "ऐकून घ्या आणि आटपा." सभागृहात ती, मी आणि पंखा, एवढेच उरलो. तिने खुर्ची घेतली नाही, फरशीवर बसली.

"लेह, बाबू," ती म्हणाली. "थे बोडी हाये, पडीत जागा नोहे. खाली पाण्याचे तीन झिरे हायेत, मले मालूम हायेत कोठी कोठी. बुजवलं तं पाणी जाईन कोठी? आमचं नाई हाये म्हणून लेह."

मी लेखणी हलवत राहिलो. कागदाला ती टेकत नव्हती.

"लेहलं का म्या सांगतलं थे?"

"हो," मी म्हणालो, आणि शाईचा पॅड पुढे केला.

क्रमांकाचे पान फाडता येत नाही, खाडाखोड केली तर साहेब रागावतील, आचारसंहिता लागायच्या आत प्रस्ताव जायला हवा, अशी कारणे मी पुढे अनेकदा स्वतःपुढे मांडून पाहिली. खरे कारण यांपेक्षा लहान आहे. पान सुंदर अक्षरात लिहून झाले होते आणि ते मला बिघडवायचे नव्हते.

बोडीत मुरूम पडला. दोन वर्षांत तिथे रंगीत घरे उभी राहिली. त्या घराण्यांनी नोंदीची नक्कल मागितली. ती मीच काढून दिली. तिच्यावर त्या बाईचा अंगठा होता. त्यानंतर तिच्या दिराने तिला कार्याला बोलावणे बंद केले. मुलगा एका घरात राहून तिच्याशी बोलेना. ती म्हणत राही की आपण नाही म्हटले होते. मग ते म्हणणे कमी कमी होत गेले.

पाणी आले ते तिसऱ्या वर्षी, आणि पावसाळ्यात नव्हे, भर उन्हाळ्यात. गावातल्या विहिरी तळाला गेल्या होत्या. नळ एक दिवसाआड होता. अशा दिवसांत त्या वस्तीतून अर्ज आला की घरात फरशी ओली होते. कनिष्ठ अभियंता आणि मी पंचनाम्याला गेलो. दुपारचा एक वाजला असेल. पहिल्या घरात देवघराजवळून ओलीची एक रेघ सुरू होऊन स्वयंपाकघराच्या भिंतीत शिरली होती. शेजारच्या घरात तीच रेघ त्याच भिंतीतून बाहेर पडून पलंगाखालून गेली होती. तिसऱ्या घरात ती किंचित वळली. अभियंत्याने पाइप फुटला असेल म्हणून नळजोडणी बंद करून पाहिली. रेघ तशीच राहिली. सात घरांतून ती गेली होती. आठव्या घरापर्यंत पोचलो तेव्हा मला ते वळण ओळखू आले. जुन्या नकाशात पाळ अशीच वळत होती.  पंचनाम्यात मी 'कारण अज्ञात' असे लिहिले.

आठव्या घरातली बाई म्हणाली, "साहब, ओल का तो ठीक है. पर वो बुढी को बोलो ना कि मत आया करे."

"कोणती बुढी?"

"रोज भर दुपारी येते. बोलत नाही, मागत नाही. भिंतीला लागून चालते अन् काठी ठोकते. लेकरं झोपेतून उठून बसतात. और जहाँ ठोकती है ना, दूसरे दिन वहीं पानी."

मी तिला हसून सांगितले की म्हातारे माणूस आहे, सवयीने येत असेल. पण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी तिथे गेलो. रस्त्यावर कुणी नव्हते. उन्हामुळे दारे लावलेली. कुत्रीसुद्धा गाड्यांखाली गप्प होती. ती पश्चिमेकडून आली. कुंपणांच्या कडेने, मधल्या बोळांतून, एका घराच्या मागच्या पडवीतून ती कशालाही न अडखळता चालत होती. जणू घरे मधे नव्हतीच. पाऊल ती उंचावर टाकावे तसे टाकत होती, सपाट रस्त्यावर. माझ्या लक्षात आले की ती पाळीवरून चालते आहे.

मी वीसेक पावले मागे होतो. एका घराच्या मोटार ठेवण्याच्या जागेशी ती थांबली. काठीने तीनदा ठोकले. मग खाली वाकून कान दिला. मीही ऐकले. सिमेंटच्या खालून, खोलवरून, बंद भांड्यातून पाणी ओतावे तसा आवाज आला, आणि थांबला. तिथे पूर्वी पाणी सोडायचे तोंड होते.  आजही त्या आवाजाला सरळ कारण असेल असे मी मानतो. जमिनीखाली झिरे असतात, मुरूम दबतो, हवा अडकते. पण तो आवाज ठोकल्यानंतरच आला, हेही मला लिहिले पाहिजे.

ती वळली. मला पाहून दचकली नाही.

"बाबू, तू मांगं मांगं काऊन येऊन राहिलास?"

"सहज, माय."

तिने काठी दोन्ही हातांत धरली. "एक इचारू? तू होतास थ्या दिवशी. म्या नाईच म्हटलं होतं ना? का मलेच इसर पडला? पोरगा म्हणते, तुहा अंगठा हाये. अंगठा तं माहाच हाये. म्या पाह्यला कागद. मंग म्या काय म्हटलं, थे आता मले धड आठवत नाई."

तिचा तलाव गेला, माणसे गेली, हे मला माहीत होते. तिची आठवणही मीच घेतली, हे मला त्या उन्हात कळले. उत्तर द्यायला एक शब्द पुरला असता. मी म्हणालो, "जुनी गोष्ट झाली, माय. घरी जा, ऊन लागंल." आणि मी कार्यालयात परत जाऊन दुपारचे टपाल लावले.

त्यानंतर मला कागदावर विश्वास ठेवता येईना. नोंदवही उघडली की सगळ्या ठरावांखाली कुणीतरी वेगळेच बोलत होते असे वाटे. घरात फरशीवर अनवाणी पाऊल टाकताना मी आधी हाताने चाचपू लागलो. आमचे घर तर टेकाडावर आहे.

या वर्षी तो विषय सर्वसाधारण सभेपुढे आला. वस्तीला पंप आणि नाली द्यावी का, आणि बोडीचा उरलेला भागही पिवळा करावा का, असे दोन प्रश्न होते. इतिवृत्त मी आदल्या दिवशीच लिहिले होते. वस्तीतली माणसे आली होती. त्या घराण्यांची माणसे आली होती. ती बाई मुलाच्या मागे भिंतीला टेकून बसली होती.

एक सदस्य उठून म्हणाला, "आता कायले बोंबलता? पाण्याची जागा होती तं तेव्हा का मुके झाले होते? यांच्याच घरच्या बुढीनं अंगठा देल्ला."

"अंगूठा दिया और अब काठी ठोक के डराती है," मागून कुणी बोलले. लोक हसले.

नगराध्यक्षांनी माझ्याकडून सुनावणीची जुनी नोंदवही मागून घेतली आणि पान उघडून तिच्यापुढे धरायला लावले. "माय, हा अंगठा तुमचा हाये का नाही? सांगा सगळ्यांपुढं."

"बसून राय, माय. बोलू नको," मुलगा खाली पाहून पुटपुटला.

ती उठलीच. पानाकडे तिने बराच वेळ पाहिले. वाचता येत नव्हते तिला. तिने फक्त अंगठ्यावर बोट ठेवले. सभागृहात पंखे चालू असूनही माझ्या कानात सिमेंटखालचा तो आवाज सुरू झाला.

"माहाच हाये," ती म्हणाली. "असंल मंग. म्हटलं असंल म्या हो. डोकं चालत नाई आता माहं. माफी करा, बापूहो."

तिने हात जोडले. माझ्या अपराधाची माफी ती मागत होती, आणि ज्यांनी तिला वाळीत टाकले त्यांच्याकडे मागत होती.

सभेत लिपिकाने बोलायचे नसते. एकोणतीस वर्षांत मी कधी बोललो नव्हतो. मी उठलो तेव्हा नगराध्यक्षांना वाटले, मला पाणी हवे आहे. मी टेबलाच्या पुढे आलो, तिच्यासमोर खाली फरशीवर बसलो, आणि आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जावा म्हणून, आयुष्यात प्रथमच, मोठ्याने बोललो:

"माय, तुमाले इसर नाई पडला. तुमी नाई म्हटलं होतं. म्या ऐकलं होतं. हे पान म्या आदल्या दिवशीच लिहून ठेवलं होतं, अन् तुमाले खोटं सांगून अंगठा घेतला. मले माफ करा."