पळसदेवच्या तात्यांना दाखवलेले डेमो

बारामतीत सॉफ्टवेअर कंपनी आहे म्हटलं की पुण्याचे लोक आधी हसतात, मग विचारतात, "उसाचं सॉफ्टवेअर का?" दुधाचं! आम्ही दूध संकलन केंद्रांसाठी अ‍ॅप बनवतो. मध्यंतरी हेड ऑफिसनं फर्मान काढलं: नव्या एजाइल पद्धतीनं काम करून दाखवा, नाहीतर बारामतीचं ऑफिस बंद, सगळे पुण्याला चला. तेव्हापासून इतके किस्से साठलेत की कुठले सांगू आणि कुठले ठेवू.

*

पहिला हुकूम म्हणजे रोज सकाळी स्टँड-अप. उभ्यानं मीटिंग घेतली की लवकर आटोपते म्हणे. आमचे मॅनेजर माने सर उभे राहिले. वयानं सगळ्यांत मोठे काळेराव, गुडघ्यामुळे खुर्चीतच. "सर, तुमी उभं आन् मी बसलोय, बरं दिसत न्हाय. बसा की!"

सर बसले. मग सगळेच बसले. बसल्यावर चहा आला. मीटिंग डबे उघडेपर्यंत चालली!

*

मग सरांनी रोज एकच प्रश्न ठेवला. "काही अडचण?"

"न्हाय सर!" सगळे एका सुरात.

अ‍ॅप तर सुरूच होईना. सर भडकले, "अडचण नाही, तर अ‍ॅप का चालत नाही?"

काळेराव शांतपणे म्हणाले, "तेवढीच अडचण हाय."

*

या पद्धतीत थोडं थोडं बनवून गिऱ्हाइकाला दाखवायचं असतं. आमचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे पळसदेवच्या दूध केंद्राचे सचिव, तात्या. ते ऑफिसात यायचे, चहा घ्यायचे, स्क्रीन बघायचे आणि म्हणायचे, "लई झ्याक!" प्रत्येक डेमोला हेच. आम्ही खूश!

एकदा मी सहज केंद्रावर फोन केला. अ‍ॅप तिथं कुणी उघडतच नव्हतं.

सर म्हणाले, "पुण्यात भाड्याच्या खोल्या बघायला लागा." मला खरंच वाईट वाटलं. माझं घर इथं, मुलीची शाळा इथं.

*

शेवटी सर आणि मी पळसदेवला तात्यांच्या घरी गेलो. काकूंनी माशाचं कालवण वाढलं. पहिला घास घेतो न घेतो, तोच तात्यांनी मोबाईल काढला.

"ही अक्षरं मुंगीएवढी! पहाटं कुणाला दिसायची? एका हातात दुधाची किटली, दुसऱ्यानं किती बटनं दाबू? आन् रेंज गेली की समदं पुसतंय!"

"अहो, मग ऑफिसात का नाही बोललात?"

"तुमच्या दारात, तुमचा चहा पिऊन, तुमालाच नावं ठिवू व्हय?"

सर मान खाली घालून जेवत राहिले. मी उष्ट्या हातानं सगळं मोबाईलवर रेकॉर्ड केलं.

*

तात्यांनी सांगितलेलं सगळं आम्ही बदललं. मग पुण्याचे मोठे साहेब स्वतः डेमोला आले. ऑफिस ठेवायचं की नाही, हे त्या दिवशी ठरणार होतं. तात्याही आले.

चहा आला. तात्यांनी कप हातानं बाजूला सारला. पिशवीतून थर्मास काढला आणि झाकणात चहा ओतून घेतला.

"आज घरनं आणलाय. हां, दावा आता!"

गिऱ्हाईक आपल्या चहाला शिवतही नाही, हे बघून साहेबांचा चेहरा पडला. माने सर माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "आज खरं बोलणार. वाचलो!"