छतावरची पाटी

आमचे दादा आयुष्यभर पाट्या रंगवत आले. दाताच्या डॉक्टरांची, सायकल दुरुस्तीची, 'येथे गाड्या लावू नयेत'ची. प्रत्येक पाटीच्या उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात स्वतःचं नाव, दुकानाचा फोन नंबर, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच वाक्य: "दहा वर्षांत रंग हलला तर माझ्याकडे या." कधी कोणी आलं नाही. मी त्यांचा धाकटा भाऊ. शाळेत भूगोल शिकवायचो. लढाई सुरू झाली, शाळा बंद पडली, तेव्हापासून घरी बसून बातम्या बघतो आणि चिडतो. वहिनी म्हणतात, "भावजी, टीव्हीला ऐकू येत नाही."

लढाईच्या पहिल्याच महिन्यात इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरांनी दादांना बोलावलं आणि एक छापील कागद हातात दिला. छतावर पांढरा चौकोन, त्यात इस्पितळाची लाल खूण, विमानातून स्पष्ट दिसेल एवढी मोठी. ही खूण असलेल्या इमारतीवर बॉम्ब टाकायचा नाही, असा कायदा आहे आणि जगातल्या जवळजवळ सगळ्या देशांनी त्यावर सही केलीय, असं डॉक्टर म्हणाले. दादांनी तो कागद घडी करून पाकिटात ठेवला. तो अजून तिथेच आहे. चार दिवस त्यांनी सुतळी आणि खडूने आखणी केली, उत्तमातला तेलरंग आणला, लालचे तीन हात दिले. सवयीने कोपऱ्यात नाव आणि फोन नंबरही टाकला.

"वैमानिक फोन करणार आहे का तुम्हाला?" मी विचारलं.

"काम आवडलं तर करेल की."

त्या दिवशी आम्ही दोघं पोट धरधरून हसलो.

दादांची एकुलती एक मुलगी त्याच इस्पितळात नर्स आहे. घरात सगळे तिला चिमणी म्हणतात. वहिनींना तिला सीमेपलीकडे मामाकडे पाठवायचं होतं, बॅगसुद्धा भरून झाली होती. मोडता घातला तो दादांनीच. "गावातलं सगळ्यात पक्कं छत तिच्या डोक्यावर आहे," ते म्हणाले. "मी स्वतः रंगवलंय." वहिनींनी बॅग रिकामी केली. आता सीमा बंद आहे.

मग शेजारच्या शहरातलं इस्पितळ गेलं, खुणेसकट. पंधरा दिवसांनी आणखी एक. दूर कुठेतरी गोल टेबलाभोवती मोठी माणसं जमली. त्यांनी तीव्र चिंता व्यक्त केली, ठराव मांडला, एका बड्या देशाने नकाराचा हात वर केला आणि ठराव पडला. मग जेवणाची सुट्टी झाली. एका कोर्टाने चौकशीचा आदेश दिला, तर ज्यांची चौकशी व्हायची तेच म्हणाले, हे कोर्ट आम्ही मानत नाही. झालं, संपलं. मी तीस वर्षं पोरांकडून नकाशावर देशांच्या सीमा गिरवून घेतल्या, पण खोडरबर कोणाच्या हातात असतं ते एकदाही सांगितलं नाही. त्याची मला लाज वाटते.

गेल्या आठवड्यात मोठ्या डॉक्टरांनी दादांना पुन्हा बोलावलं. या वेळी कागद नव्हता.

"खूण पुसून टाका," ते म्हणाले. "आता ती बघूनच नेम धरतात की काय, अशी शंका येते. नसलेली बरी."

ताडपत्री टाकली असती, पण होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या अंगणातल्या जखमींवर सावलीला बांधल्या होत्या. बादली धरायला मी वर गेलो. दादांनी सगळ्यात आधी पुसलं ते स्वतःचं नाव.

लाल रंग वरच्या रंगातून फुटतो, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. त्यासाठी आधी अस्तर मारावं लागतं. पण बाजार बंद, अस्तर मिळेना. घरातला राखाडी रंग होता तो लावला. वाळला, ऊन चढलं, आणि गुलाबी कड उमटली. दुसऱ्या दिवशी दुसरा हात, तिसऱ्या दिवशी तिसरा. तिसऱ्या दुपारी अख्खी खूण परत वर आली होती. फिकी होती, पण कोणालाही ओळखता येईल अशी. डबा खरवडून संपला होता.

चिमणी पाण्याची बाटली घेऊन वर आली. तिच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं.

"घरी चल," दादा म्हणाले.

"खाली सत्तावीस जण आहेत, बाबा. आणि आम्ही दोघीच."

"त्या वेळी मीच तुला अडवलं."

"आता काय त्याचं? पाणी प्या."

दादांनी बाटली घेतली, पण झाकण उघडलं नाही. चिमणी वाकून त्या गुलाबी खुणेवरून बोट फिरवत होती.

"हा लाल जाणार कधी?" तिने विचारलं.

दादांनी माझ्याकडे बघितलं. मी रिकामा डबा उचलून बादलीत ठेवला.

"चांगला रंग आहे गं," ते म्हणाले. "दहा वर्षं हलायचा नाही."